खणातले सात हेडफोन : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल

माझ्या बिनवायरीच्या ब्लूटूथ हेडफोनचा डावा बड आज पुन्हा चाळिसाव्या मिनिटाला मेला. उजवा अजून तीन तास ओढतो, पण एका कानावर माझं भागत नाही. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं आणि मुलाखती ऐकून टाइप करणं हे माझं काम. दिवसाचे पाच तास कानात काही ना काही असतंच. बोलणारा पुटपुटला, मागे पंखा घरघरला किंवा दोघं एकदम बोलले, की दोन्ही कान लागतात.

परवा सर्व्हिस सेंटरला जाऊन आले. काउंटरवरच्या मुलाने डबी उघडूनसुद्धा पाहिली नाही. "मॅडम, याच्यातली बॅटरी बदलत नसते. नवीन जोडी घ्या." जोडी पावणेदोन वर्षांची. बडच्या पोटात हरभऱ्याच्या दाण्याएवढा लिथियम सेल, वरून प्लास्टिक गोंदाने चिकटवलेलं. उघडायला गेलं तर तुटतं. एवढासा सेल रोज भरायचा, रोज रिकामा करायचा, त्यात नागपूरचं ऊन. लिथियमला उष्णता मानवत नाही हे ठाऊक असूनही गेल्या मे महिन्यात ती डबी गाडीच्या डिक्कीत टाकून मी बर्डीच्या बाजारात तीन तास फिरले होते. तेव्हा सगळं खापर त्या पोरावर फोडता येत नाही.

संध्याकाळी टीव्हीखालचा खण उपसला. वायरवाले सात निघाले. कुठला कधीचा ते आठवेना, म्हणून चिकटपट्टीवर आकडे लिहून डकवले. एक नंबरचा उजवा कान बंद. दोन नंबर जुन्या फोनसोबत आलेला, पिन धरून ठेवली की चालतो, सोडली की गप्प. तीन नंबर मोठा, कानावर बसणारा. आवाज उत्तम, पण गाद्यांचे काळे पापुद्रे गालाला चिकटतात. चार नंबर पुतण्याचा, "याच्यात भूत आहे" असं सांगून त्याने तो इथे टाकलेला. पाच नंबरला माइक आहे, पिन चेपलेली. सहा नंबर ठणठणीत, फक्त गुंता. सात नंबर दोन्ही कानांनी मेलेला.

ठरवलं ते असं: जून संपेपर्यंत सगळं ऐकणं वायरने. नवा हेडफोन घ्यायचा नाही. खर्च हजाराच्या आत. आणि काय बिघडलं, कसं कळलं, हे इथे लिहायचं.

७ एप्रिल

पहिली अडचण फोनचीच. लॅपटॉपला गोल भोक आहे, माझ्या फोनला नाही. २०१६ मध्ये आयफोन ७ ने ते काढलं तेव्हा लोक हसले होते, मग एकेक करत बाकीच्यांनीही काढलं. गंमत म्हणजे या पिनेचं घराणं टेलिफोन एक्स्चेंजचं. बाया फलकासमोर बसून ज्या दोऱ्या उपसायच्या आणि खुपसायच्या, त्यांच्या टोकाला सव्वासहा मिलिमीटरहून किंचित जाड पिन असे. एकोणिसाव्या शतकातली ती. ट्रान्झिस्टरच्या काळात तिची साडेतीन मिलिमीटरची धाकटी बहीण रुळली. आईच्या जुन्या टेपरेकॉर्डरचं भोक आणि माझ्या लॅपटॉपचं भोक एकच आहे. सहा नंबर दोन्हीत लावून पाहिला. दोन्हीत वाजला.

बर्डीच्या फुटपाथवरून १२० रुपयांचा डोंगल आणला, एका बाजूला टाइप-सी आणि दुसऱ्या बाजूला भोक. फोन ढिम्म. दुकानदाराने स्वतःच्या फोनला लावून दाखवला होता, तिथे वाजला होता! घरी येऊन वाचत बसले तेव्हा उलगडलं. काही फोन टाइप-सीमधूनच थेट तयार आवाज बाहेर सोडतात, त्यांना नुसत्या तारेचा डोंगल पुरतो. माझा फोन फक्त आकडे बाहेर देतो. त्या आकड्यांचा आवाज करणारी चिप डोंगलमध्ये असावी लागते. दिसायला दोन्ही सारखेच. चिपवाला ५४९ ला मिळाला. खर्च ६६९, आणि अजून एकही हेडफोन दुरुस्त नाही.

९ एप्रिल

शेजारच्या काकांचं इतवारीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, हत्यारं मात्र जिवंत आहेत. अंगणात वायरी पसरून बसले होते तर कंपाउंडवरून डोकावले.

"काय करून रायली वो पोरी?"

सांगितलं.

"मंग मीटर कुठं हाय? मीटर लावल्याबिगर वायरीतलं काई समजत नाई."

मीटर आणि सोल्डरची गन दोन्ही त्यांनीच दिली. पिनेचा धडाही दिला. टोक म्हणजे डावा कान, मधली कडी म्हणजे उजवा, बुंध्याकडचा भाग म्हणजे दोघांची समाईक परतीची तार. मेकॅनिक लोक तिला 'अर्थ' म्हणतात. मीटर ओहमवर ठेवायचा, एक सुई बुंध्याला, दुसरी टोकाला. ३२ ओहमचा कान असेल तर आकडा त्याच्या आसपास, थोडा कमी येतो. आणि कानात हलकंसं 'खट' वाजतं, कारण मीटरचा विजेचा थेंबही आतला पडदा हलवायला पुरतो. आकडा आला आणि खट वाजलं, तर तो कान जिवंत. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार कुठेतरी तुटली.

कुठे, हे शोधायची रीत अजून साधी. सुया लावून ठेवायच्या आणि वायर पिनेपासून बोटभर-बोटभर वाकवत पुढे जायचं. एक नंबरला पिनेपासून दोन बोटांवर आकडा लुकलुकला. दोन नंबरला अगदी पिनेच्या मानेत. काका म्हणाले, शंभरातले बहुतेक इथेच जातात, कारण लोक पिन धरून न काढता वायर धरून ओढतात. मी तेच करते.

पावणेदोन वर्षांच्या त्या बडचं काय बिघडलं हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही. याचं पाच मिनिटांत बोट ठेवून सांगता आलं.

१३ एप्रिल

बर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्यांत सामानाला. पत्त्यात 'मोदी नंबर दोन, मोदी नंबर तीन' असं लिहितात त्या या गल्ल्या. बाहेरून आलेला माणूस हे वाचून हमखास चक्रावतो. स्क्रूच्या टोपणाच्या पिना चार, ४० ला एक. सोल्डर वायरची लहान गुंडाळी ६०. स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, वीस रुपयांची हातभर. एकूण २४०. खर्च ९०९.

दुकानदाराने विचारलं, "तीन पोल की चार पोल?" पोल म्हणजे पिनेवरचे वेगवेगळे भाग: टोक, कड्या आणि बुंधा. मी माहिती असल्यासारखं म्हटलं, तीन पोल तीन आणि चार पोल एक. पुढे ही एक चार पोल मला चांगलीच महागात पडली.

१४ एप्रिल

आज काम नाही. रात्री बारापासून जयंतीचे फटाके, सकाळपासून दीक्षाभूमीकडे जाणारी गर्दी. कुठलाही हेडफोन याच्यापुढे टिकत नाही, आणि टिकू नये.

१९ एप्रिल

पहिलं सोल्डरिंग. पारा ४३ आणि कूलर बंद. कूलरचा झोत थेट टेबलावर येतो, गनचं टोक गार पडतं, सोल्डर दाण्यासारखं गोठून बसतं. वीस मिनिटं कूलरशिवाय बसायचं म्हणजे मागच्या जन्माचं काही असणार.

वायर सोलली तर आत चकचकीत रंगीत तारा: लाल, हिरवी आणि तांबूस. लाल उजवा, हिरवा डावा, तांबूस अर्थ. सोल्डर काही केल्या धरेना, पाण्यावरच्या तेलासारखं निसटायचं. तो रंग म्हणजे तारेवरचा इन्सुलेशनचा लेप आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं. एकाच प्लास्टिकच्या नळीत तिन्ही तारा उघड्या नांदतात त्या या लेपामुळेच. शिवाय तारांमध्ये रेशमासारखे बारीक धागे असतात, ओढ बसली तर ताण त्यांनी घ्यावा म्हणून. ते कापून टाकायचे. मग गनच्या टोकावर सोल्डरचा टपोरा थेंब करायचा आणि तारेचं टोक त्यात आठ-दहा सेकंद बुडवून ठेवायचं. धूर निघतो, लेप जळतो, तार चंदेरी होते. खिडकी उघडी हवी. तो धूर नाकात जाण्यासारखा नाही.

तिन्ही तारा आपापल्या जागी बसल्या. मीटरने हो म्हटलं. मान ताठ करून टेबलाकडे पाहिलं तर पिनेचं टोपण शेजारी पडलेलं. ते आधी वायरीत ओवायचं असतं.

सगळं सोडवून पुन्हा केलं. काकांना सांगितलं तर ते बराच वेळ हसले. त्यांनी पन्नास वर्षांत किती वेळा केलंय ते सांगितलं नाही.

रात्री एक नंबरवर दोन तासांचं व्याख्यान टाइप केलं. मध्ये एकदाही चार्ज बघितला नाही.

२४ एप्रिल

चार नंबरचं भूत.

पुतण्या सांगायचा की याच्यात गाणं लावलं तर बाई गातच नाही, मागची वाद्यंच वाजतात. मी ते पोराटोरांचं म्हणून सोडून दिलं होतं. आज लावला. खरंच! सतार दूरवर, विहिरीतून आल्यासारखी. तबल्याची किनार ऐकू येते, गाणारी मात्र नाहीच. मग माझं व्याख्यान लावलं. पूर्ण शांतता. पुन्हा गाणं, पुन्हा सतार. म्हणजे दोन्ही कान जिवंत आहेत. मीटर टोक आणि कडी यांच्यात आकडाही दाखवतो, आणि नेमका माणसाचा आवाजच गिळला जातोय. अर्धा तास मी वायर वाकवत बसले, डोकं चालेना.

काकांनी हेडफोन कानाला लावला, पाच सेकंद ऐकलं आणि काढला. "अर्थ तुटला याचा."

"पण मग काहीच वाजायला नको ना?"

त्यांनी कॅलेंडरच्या मागे काढून दाखवलं. अर्थ शाबूत असतो तेव्हा डावा आणि उजवा आपापल्या वाटेने जाऊन समाईक तारेने परत येतात. ती तार तुटली की परतीची वाट नाही, म्हणून दोन्ही स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि वीज डाव्यातून शिरून उजव्यातून निघायला बघते. आता दोन्ही बाजूंत जे सारखं आहे ते एकमेकांना रेटून धरतं, हलतच नाही. वाहतो तो फक्त दोन बाजूंमधला फरक. गाणाऱ्याचा आवाज बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये बरोबर मध्ये, म्हणजे दोन्हीकडे सारखा ठेवलेला असतो, म्हणून तो नाहीसा होतो. सतार एका बाजूला कललेली, म्हणून उरते. माझी व्याख्यानं एका माइकवर रेकॉर्ड केलेली. दोन्ही कानांत तंतोतंत तेच. फरक शून्य, आवाज शून्य.

"आमच्या दुकानात एक जण असा सेट घेऊन आला होता," काका म्हणाले, "म्हणे रेडिओवाल्यायनं गाणाऱ्या बाईले काढून टाकलं."

मीटर मी टोक ते कडी लावला होता, टोक ते बुंधा लावलाच नव्हता. लावला असता तर लगेच दिसलं असतं. नवी पिन, दहा मिनिटं, बाई परत गायला लागली. या वेळी टोपण आधी ओवलं.

२ मे

मेट्रोत परीक्षा. कामानिमित्त खापरीकडे जाणं झालं, सीताबर्डीला बदलून. बड होते तेव्हा या बदलायच्या स्टेशनावर आवाज हटकून तुटायचा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, वायफायसुद्धा बऱ्याचदा तिथेच. गर्दीत प्रत्येकाच्या खिशातून काही ना काही त्याच पट्ट्यात बोलत असतं. शिवाय ही लहर माणसाच्या पाणीदार देहात बऱ्यापैकी शोषली जाते. फोन उजव्या खिशात आणि कान डावा असला तरी फरक पडतो. वायरीला यातलं काही ठाऊक नाही. एकदाही तुटलं नाही.

तुटलं ते वेगळ्या प्रकारे. उतरताना एका काकूंच्या पिशवीच्या बंदात वायर अडकली, त्या पुढे, मी मागे, फोन हातातून सुटून फलाटावर. काच वाचली. काकूंनी मलाच रागावून पाहिलं आणि त्यांचं बरोबर होतं. आता वायर कुर्त्याच्या आतून घेते. त्याचा वेगळा त्रास: कापडाला वायर घासली की कानात ढोल वाजतो. कानामागून वळसा देऊन घातली की ते बरंच कमी होतं.

हेही लिहून ठेवते, नाहीतर नंतर सोयीने विसरेन: बडने मला यातलं काहीच केलं नव्हतं. पण उन्हात तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडताना बड तीनदा उडालाय, एकदा थेट नालीच्या काठावर. गाडीवर मात्र दोन्हीपैकी काहीच नाही. कानात घालून गाडी चालवणारे दिसले की मला त्यांच्या आईची आठवण येते, माझी ओळख नसताना.

९ मे

पुतण्या सुट्टीत रोज येतो. महाल भागात तबला शिकतो, दुसरं वर्ष. गुरुजींना पाठवायला रेकॉर्डिंग करतो: फोनवर लेहरा, म्हणजे तबल्यासाठी पुन्हापुन्हा वाजणारी धून, लावायचा, तो बिनवायरीच्या बडमधून ऐकत वाजवायचं, तबला फोनच्याच माइकवर रेकॉर्ड, मग दोन्ही एकत्र. ऐकताना दर वेळी तबला मागे पडलेला. आठवडाभर पोरगा स्वतःच्या हाताला शिव्या देत होता.

मला बरेच दिवस वाटायचं की बडला उशीर होतो म्हणून वाजवताना गोंधळ होत असेल. तसं नाही. लेहरा कानात उशिरा आला तरी तो ऐकतो त्याच्याशी जुळवूनच वाजवतो, त्याच्यासाठी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, अगदी समेवर असते. घोटाळा फोनच्या बाजूला होतो. फोनच्या हिशेबाने लेहऱ्याची सम कधीच होऊन गेली. ती बडमध्ये पोचायला सेकंदाचा पाचवा भाग, मग पोराची थाप. फोन ती थाप तेवढीच उशिरा नोंदवतो. विलंबित लयीत हे खपून जातं. पण द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांनी चालला असेल तर एक मात्रा पाव सेकंदाची. पाचवा भाग सेकंद म्हणजे जवळजवळ मात्रा गेली. 'धा' पडतो तिथे लेहरा पुढच्या घरात.

सहा नंबर लावून दिला. पहिल्याच झटक्यात जुळलं. तो माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता की जणू मीच त्याला आठवडाभर छळत होते. चार नंबर दुरुस्त झालाय हे सांगितलं तर म्हणाला, "भुतासकट हवा होता. गाणारी बाई गेली की तबला मस्त ऐकू यायचा."

१८ मे

पाच नंबर, माइकवाला. त्यासाठीच ती चार पोलची पिन. मीटिंगांना मला माइक लागतो, आणि वायरीचा सगळ्यात मोठा फायदा मला इथेच वाटतो. बडचा माइक चालू झाला की ब्लूटूथ बोलण्याच्या वेगळ्या पद्धतीवर जातं, एकाच अरुंद वाटेवरून येणं-जाणं दोन्ही. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, इथे ते १६ हजारांवर, कधी ८ हजारांवर येतात. समोरचा माणूस एकदम डब्यात बसून बोलल्यासारखा वाटतो. 'पंधरा' की 'पंच्याऐंशी' असे प्रश्न मला त्याच वेळी पडतात.

पिन जोडली. टोक, पहिली कडी, दुसरी कडी, बुंधा. दुसऱ्या कडीवर माइक, बुंध्यावर अर्थ, तीन पोलला अर्थ बुंध्यावरच होता म्हणून. लॅपटॉपला लावली, गाणं लावलं.

गाणारी बाई गायब.

या वेळी काकांकडे गेले नाही. विहिरीतला आवाज ओळखीचा होता, म्हणजे अर्थ नाही. पण मीटर म्हणतोय अर्थ जोडलेला आहे. मग चाळा म्हणून माइकवरचं बटण दाबलं, आणि बाई आली! सोडलं, गेली. दाबलं, आली. तासभर मी हे करत बसले असेन, निम्मा वेळ नुसत्या मजेने. बटण काय करतं? माइकची तार आणि अर्थ एकमेकांना टेकवतं. म्हणजे टेकवल्यावर आवाजाला परतीची वाट मिळते. म्हणजे लॅपटॉप अर्थ शोधतोय तिथे मी माइक जोडलाय.

नंतर तपासलं. चार पोलच्या पिनेच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत माइक दुसऱ्या कडीवर आणि अर्थ बुंध्यावर, मी केलं तसं. आताचे फोन आणि लॅपटॉप बहुतेक उलट्या रीतीने, अर्थ दुसऱ्या कडीवर आणि माइक बुंध्यावर. दोन तारांची अदलाबदल केली, झालं. संध्याकाळी कंपाउंडवरून काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बटन दाबून पायलं ना? मंग जमलं तुले." यापुढे काही नाही, आत चहा प्यायला गेले.

२७ मे

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. दुपारी काम करता येत नाही, कूलर पूर्ण सोडला तर ताट्यांमधून पाणी आणि घरघर दोन्ही खोलीभर. बडचा आवाज-गाळणारा प्रकार इथे खरोखर कामाचा होता, हे कबूल. संथ, एकसुरी घरघर हेच त्याचं आवडतं खाद्य. एक नंबरमधून ऐकताना माझं बोट आपोआप आवाज वाढवत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल असं आहे. माझे तीस तास तर कामाचेच जातात. त्यामुळे वाढवत जाणं परवडणारं नाही. पन्नास रुपयांत कानात नीट बसणारी रबराची बोंडं आणली, तीन मापांची. मधलं माप डाव्याला, मोठं उजव्याला; माझे कान सारखे नाहीत हे या वयात कळलं. कूलर गेला नाही, पण पलीकडच्या खोलीत गेला. खर्च ९५९.

तीन नंबरच्या गाद्यांवर जुन्या पंच्याचे तुकडे शिवून बसवले. घाम टिपतात, धुता येतात, पापुद्रे गालावर येत नाहीत. दिसायला भयंकर. ब्लूटूथवाल्या मैत्रिणीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, कानाला लागलंय का?

आवाजाबद्दल एक. वायरीत गाणं जास्त 'शुद्ध' ऐकू येतं असं लोक सांगतात. मी तीन नंबर आणि माझा उरलेला उजवा बड आळीपाळीने लावून पाहिले. फरक आहे, पण तो तीन नंबर मोठा आहे आणि बड लहान आहे याचा असू शकतो. व्याख्यानात तर काहीच फरक नाही. मी वायरीकडे आले ते शुद्धतेसाठी नाहीच.

११ जून

आई.

तिला गेले दोन महिने माझे हे उद्योग म्हणजे निव्वळ पसारा वाटत होता. तिच्यासाठी सहा नंबर ठेवला तर दोन दिवसांत परत आणून दिला. पोळ्या लाटताना वायर परातीत जाते, ओट्यापासून फ्रिजपर्यंत गेलं की फोन मागे ओढला जातो. तिला बिनवायरीचाच हवा, आणि मला त्यावर उत्तर नाही. माझा उजवा बड तिला दिला. एका कानात घालते, तीन तास पुरतो, तेवढ्यात तिचा स्वयंपाक होतो.

पण तिला रेडिओही हवा होता. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ चं. तिच्या माहेरी घड्याळ त्यावर लावायचे. जुन्या फोनमध्ये एफएम आहे, सुरू केलं की म्हणतं, हेडफोन लावा. तिला हे अपमानास्पद वाटलं. "मी मोठ्याने ऐकणार आहे, मला कशाला हेडफोन?"

फोनला हेडफोन ऐकण्यासाठी नको असतो. एफएमला अँटेना लागते, फोनच्या अंगात ती मावत नाही, म्हणून तो हेडफोनच्या वायरीलाच अँटेना करतो. शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास लहर तीन मीटर लांब, तिचा चौथा भाग पाऊण मीटर; दीड-दोन हात वायर त्या कामाला चांगली चालते. वायर खुपसून ठेवायची आणि आवाज फोनच्या स्पीकरवर घ्यायचा. बिनवायरीचं बड कितीही महागाचं असलं तरी त्याच्याकडे द्यायला वायरच नाही.

आणि मग सात नंबर आठवला. दोन्ही कानांतले स्पीकर जळालेले, मीटर तिथे काहीच दाखवत नाही. दुरुस्तीच्या यादीतून मी तो कधीच खोडला होता. पण पिनेपासून वरपर्यंत अर्थाची तार शाबूत आहे का? एका कानाचं बोंड फोडून मीटर लावला. आहे.

१२ जून

सात नंबरची दोन्ही बोंडं कापली, टोकं स्लीव्हने बंद केली. वायर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या खिळ्यावरून खिडकीकडे ताणली, पिन जुन्या फोनमध्ये. विविध भारती १००.६ वर स्वच्छ. आत टांगली तर खरखर, खिडकीशी नेली तर स्वच्छ. आईने स्वतः चार ठिकाणी धरून जागा ठरवली आणि मला खिळा सरकवायला लावला.

पहाटे पाऊस येऊन गेलाय, आज पहिल्यांदा कूलर बंद आहे. मी इकडच्या खोलीत एक नंबर लावून बसले आहे, पुढ्यात एक तास चाळीस मिनिटांची मुलाखत. कापलेल्या बोंडांचं काय करायचं, असं आई मघाशी विचारून गेली. खणात ठेव म्हटलं.